भागाकार कुठे थांबवायचा?

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात गणिताला 30 गुण आहेत आणि मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पाचवी-सहावीची पुस्तकं पुढ्यात घेऊन बसले. विभाजक जमले. 36 चे काढायचे तर 1 आणि 36, 2 आणि 18, 3 आणि 12, 4 आणि 9, मग एकटा 6. विभाज्य तर त्याहून सोपे, पाढा म्हणत सुटायचं, तो संपतच नाही.

अडलं ते मूळ संख्यांपाशी. व्याख्या एका ओळीची: 1 आणि ती स्वतः, असे दोनच विभाजक जिला असतात ती मूळ संख्या. (म्हणून 1 मूळ नाही, त्याला विभाजक एकच.) व्याख्या पाठ झाली, पण समोर 97 आली की करायचं काय? 2 ने भाग जात नाही, 3 ने नाही, 5 ने, 7 ने, 11 ने नाही. असं 96 पर्यंत जायचं? आत्तापर्यंत भाग गेला नाही हे दिसतं, पण पुढेही जाणार नाही हे कशावरून? उत्तरसूचीत नुसतं ‘मूळ’ छापलेलं. असल्या सूच्यांचा शिकणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो.

उलगडा 36 च्या जोड्यांतच होता. प्रत्येक जोडीत एक धाकटा, एक थोरला. 6 ओलांडला की नवं काही मिळत नाही, त्याच जोड्या उलट्या येतात. दोघेही 6 पेक्षा मोठे असते तर गुणाकार 36 च्या पुढे गेला असता. आता 97. दहा दाहे शंभर. म्हणजे तिची 1 सोडून एखादी जोडी असलीच, तर त्यातला धाकटा 10 च्या आत हवा. 2, 3, 5, 7 ने भागून पाहायचं, बस्स. 4 आणि 6 ला हातच लावायचा नाही, कारण 2 ने भाग जात नसेल तर त्यांनीही जाणार नाही. एराटोस्थेनिसची चाळणी, म्हणजे एकेका मूळ संख्येच्या पुढच्या पटी खोडत जाण्याची रीत, 100 पर्यंतच्या संख्या चाळताना 7 च्या पटी खोडून थांबते, तीही याच कारणाने. खाली 25 मूळ संख्या उरतात. हा एराटोस्थेनिस ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. पुस्तकांतल्या माणसाने गणितात एवढं करावं, याचा मला अंमळ दिलासा वाटला.

आमच्या आत्याला तिसापर्यंतचे पाढे येतात. तिला 91 विचारली. “तेरा साते एक्क्याण्णव,” भाजी निवडता निवडताच ती म्हणाली. 87? “एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.” मग 2021 टाकली. “ही कुठल्या पाढ्यात नाही गं.” 45 चा वर्ग 2025, म्हणजे 43 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं. 2 पासून 41 पर्यंत तेरा भागाकार झाले, सगळ्यांत बाकी उरली. चौदावा, शेवटचा, 43 चा: भाग गेला. 43 गुणिले 47. दिसायला इतकी सोवळी संख्या, आणि निघाली संयुक्त!

पुढे वाचलं तेव्हा डोकं पुन्हा गरगरलं. विभाजक न शोधताही संख्या मूळ नाही हे कळू शकतं. फर्माचा नियम असा की 2 सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकने कमी असा 2 चा घात काढा आणि त्याला त्या संख्येने भागा. बाकी 1 च उरते. 7 साठी 2 चा सहावा घात 64, बाकी 1. 9 साठी आठवा घात 256, बाकी 4. म्हणजे 9 मूळ नाही, आणि 3 चं नावसुद्धा निघालं नाही! उलट बाजूने मात्र भरवसा नको. 341 घेतली तर बाकी 1 येते, आणि ती आहे 11 गुणिले 31. कधीच न फसणारी आणि अंक वाढले तरी वेळ आटोक्यात ठेवणारी कसोटी 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. ती टीईटीला नसते, हे बरंच आहे.

परीक्षेला बसणाऱ्यांनी आधी वर्ग पाहावा, मगच भागायला घ्यावं. सरावाला 2027 घ्या. इथेही 43 पर्यंतचेच चौदा भागाकार करायचे आहेत. या खेपेला 43 ने भागल्यावर बाकी 6 उरते. 2027 मूळ आहे.