फरा कोणाचा, मांडी कोणाची? मध्ययुगीन इंग्लंडमधील हरणाचा शिकारीनंतरचा प्रवास

१/
सुमारे १२१० साली गॉटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्ग या जर्मन कवीने 'ट्रिस्टान' हे काव्य रचले. त्यात एक प्रसंग आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एकटाच येऊन पोचलेला एक किशोरवयीन मुलगा रानात राजाच्या शिकाऱ्यांची टोळी पाहतो. कुत्र्यांनी दमवून पाडलेले नर हरीण समोर आहे. मुख्य शिकाऱ्याने त्याला डुकरासारखे चारही पायांवर पालथे घातले आहे आणि तो त्याचे सरळ चार तुकडे करायला निघाला आहे.

२/
मुलगा त्याला थांबवतो. ही कुठली रीत, असे विचारतो आणि बाह्या सरसावून स्वतःच कामाला लागतो. तो कातडे सोलतो, अवयव सुटे करतो, कुत्र्यांचा वाटा काढतो. पुढे घोडेस्वारांची रांग लावून तो मांस राजा मार्कच्या वाड्यावर नेतो तेही क्रमाने : आधी शिंगे, मग छाती, मग पुढचे आणि मागचे भाग. जणू ते हरीण स्वतःच चालत दरबारात प्रवेशत आहे.

३/
ट्रिस्टान काव्यातला, परंतु ज्या रीतीमुळे दरबार त्याच्यावर लुब्ध झाला, ती त्या काळच्या युरोपातील खरीखुरी रीत होती. हरीण मारायला क्षण पुरे. ते रानातून स्वयंपाकघरापर्यंत कसे पोचते, कोणाच्या घोड्यावर, कोणाच्या हातून आणि वाटेत कोणाकोणाचा वाटा काढून, यात मात्र अख्खी समाजव्यवस्था उघडी पडत असे. हा धागा त्या प्रवासाचा.

४/
आरंभ शब्दांपासून. संस्कृतात 'मृग' म्हणजे मुळात कोणताही वन्य पशू. म्हणूनच सिंह मृगेंद्र ठरतो आणि माकड शाखामृग. पुढे हा शब्द हरणापुरता आकसला. इंग्रजीतल्या 'डिअर'चे अगदी असेच झाले : जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'पशू' एवढाच होता. हरणाच्या मांसाला 'व्हेनिसन' म्हणतात. त्याचे मूळ शिकार या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. दोन्हीकडे शिकारीचे सावज म्हणजे हरीण, हे समीकरण भाषेतच मुरले.

५/
१०६६ मध्ये नॉर्मन विल्यमने इंग्लंड जिंकले आणि आपल्याबरोबर वनकायदा आणला. या कायद्यातील 'फॉरेस्ट' म्हणजे झाडी नव्हे. राजाच्या शिकारीसाठी वेगळ्या कायद्याखाली राखलेला प्रदेश, मग त्यात माळ असो, शेते असोत वा गावे, 'फॉरेस्ट' ठरे. विल्यमच्या मृत्यूनंतर अँग्लो-सॅक्सन वृत्तांतकाराने लिहिले की, हरीण मारणाऱ्याचे डोळे काढण्याचा नियम त्याने केला होता आणि हरणांवर त्याची पित्यासारखी माया होती.

६/
१२१७ मध्ये दहा वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने 'वनसनद' निघाली. हरणासाठी यापुढे कोणी जीव वा अवयव गमावणार नाही, असे तिने जाहीर केले. दोषीने जबर दंड भरावा. ऐपत नसेल तर वर्ष आणि एक दिवस कैद भोगावी. त्यानंतरही जामीन मिळाला नाही तर त्याने देश सोडावा. शिक्षा सौम्य झाली, पण हरीण राजाचेच राहिले.

७/
याच सनदेत एक विलक्षण कलम आहे. राजाच्या बोलावण्यावरून जाणाऱ्या बिशपाला वा उमरावाला वाटेतल्या वनात एक-दोन हरणे मारता येत. मात्र त्या वेळी वनरक्षक समोर हवा. तो नसेल तर शिंग फुंकावे, म्हणजे हे चोरून चालले आहे असे दिसणार नाही. उघडपणे, आवाज करून नेलेले हरीण हक्काचे आणि गुपचूप नेलेले चोरीचे, हा भेद येथे शब्दांत उतरला.

८/
आता प्रत्यक्ष काम. नर हरणाच्या शिकारीचा हंगाम साधारणतः २४ जून ते १४ सप्टेंबर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, कारण तेव्हा त्याच्या अंगावर चरबी चढलेली असे. पण उन्हाळा म्हणजे घाईही आली. पोटातली आतडी आत राहिली तर शरीराची ऊब अडकते, पोट फुगते आणि मांसाला दुर्गंधी धरते. म्हणून कोथळा जागीच काढणे भाग होते. रीतीच्या सगळ्या थाटामाटाखाली ही साधी, खाटकालाही ठाऊक असलेली गरज होती.

९/
या कामावर उमरावांनी ग्रंथ लिहिले. फ्वाचा काउंट गास्ताँ फेब्यूस याने १३८७ मध्ये फ्रेंचमध्ये आपला शिकारग्रंथ लिहायला घेतला. १३९१ मध्ये अस्वलाच्या शिकारीनंतर हात धुताना तो कोसळला आणि मरण पावला. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने 'द मास्टर ऑफ गेम' या नावाने केले आणि त्यात स्वतःची भर घातली. हा एडवर्ड १४१५ मध्ये अ‍ॅजिंकोर्टच्या लढाईत पडला.

१०/
रीत अशी. हरणाला उताणे करून शिंगे मातीत रुतवायची, म्हणजे धड हलत नाही. मग छातीवर एक चीर देऊन चरबीची जाडी बोटांनी मोजायची. याला परीक्षा म्हणत आणि ती उपस्थितांतल्या मानाच्या व्यक्तीसमोर होई. दोन बोटे चरबी निघाली तर सारे खूश. हरीण किती 'चांगले' होते, याचा तो जाहीर निकाल असे.

११/
मग कातडे सोलायचे, पण काढून बाजूला टाकायचे नाही. ते धडाखाली पसरलेलेच राही आणि सगळे काम त्यावरच होई. मांसाला माती लागू नये आणि रक्त वाया जाऊ नये, यासाठी याहून सोयीची चटई रानात कोठून मिळणार? नंतर फरे, बरगड्या आणि मांड्या सांध्यांवर सुटे करत. हाडावर घाव न घालता सांधा अचूक सोडवणे हे कुलीन तरुणाच्या शिक्षणाचे अंग होते. मराठी घरात ज्याला खाटकाचे काम म्हणतील, ते तेथे दरबारी कला ठरले होते.

१२/
काळीज, गुर्दे असे खास तुकडे दोन फाट्यांच्या काठीला अडकवून वेगळे काढत. ही काठी धन्याकडे जाई. पालेभाजीच्या जुडीसारखी दिसणारी ही वस्तू मिरवणुकीत मोठ्या इतमामाने नेली जाई. ट्रिस्टान कॉर्नवॉलच्या शिकाऱ्यांना जे शिकवतो त्यातही ही काठी आहे. त्यांनी तिचे नावही ऐकलेले नसते.

१३/
पुढचा मान कुत्र्यांचा. रक्तात भिजवलेली भाकर आणि आतड्यांचे तुकडे त्याच कातड्यावर मांडले जात, शिंगे फुंकली जात आणि मगच कुत्रे सोडले जात. कातड्यावरच्या या जेवणाला जुन्या फ्रेंचमध्ये जे नाव होते, त्यातूनच इंग्रजीतला 'क्वॉरी' म्हणजे 'सावज' हा शब्द आला. कुत्र्याने सावज फाडायचे नाही, पण त्याचा वाटा बुडवायचाही नाही, हा करार रोज नव्याने पाळला जाई.

१४/
वाटेकऱ्यांत कावळ्याचाही भाऊबंद होता. छातीकडचा एक कुर्चेचा तुकडा डोमकावळ्यासाठी झाडावर फेकत. १४व्या शतकाच्या अखेरच्या 'सर गावेन अँड द ग्रीन नाइट' या काव्यात तो येतो आणि १४८६ च्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' या ग्रंथातही. पितृपक्षात कावळ्याला पान ठेवणाऱ्या समाजाला यात परके काही वाटू नये, जरी दोन्हींमागची श्रद्धा निराळी असली तरी.

१५/
मग माणसांचे मानाचे वाटे. एक फरा वनरक्षकाचा, तो त्याच्या हुद्द्याचा हक्क. कातडे आणि इतर काही भाग शिकाऱ्यांचे. मागच्या मांड्या, म्हणजे सर्वांत मांसल भाग, धन्याच्या. आतल्या मांसाला 'नंबल्स', पुढे 'अंबल्स' म्हणू लागले आणि त्याची पाय नावाची पोळीबंद डिश होई. इंग्रजीत मान खाली घालून माघार घेण्याला 'हंबल पाय खाणे' म्हणतात. हा वाक्प्रचार 'अंबल' आणि 'हंबल' यांच्या उच्चारसाम्यावरच उभा आहे.

१६/
वाहतूक घोड्यावरून होई. पूर्ण वाढलेल्या लाल हरणाच्या नराचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाऊ शकते. पोट रिकामे केले की जवळजवळ पाव भार कमी होतो, तरीही अवघड वाटेवर तो घोड्याचाच भार. राजाला मोठी मेजवानी द्यायची असेल तर तयारी आठवडे आधी सुरू होई : शिकारी वेगवेगळ्या वनांत रवाना होत, मांसाला मीठ लावून ते पिंपांत भरत आणि मिठाचा व गाड्यांचा खर्च त्या-त्या जिल्ह्याच्या शेरीफने भागवावा, असे हुकूम सुटत.

१७/
१२५१ च्या नाताळात तिसऱ्या हेन्रीची मुलगी मार्गारेट हिचा विवाह स्कॉटलंडच्या तिसऱ्या अलेक्झांडरशी यॉर्क येथे झाला. त्या मेजवानीसाठी उत्तर इंग्लंडच्या वनांतून शेकडो हरणे आली. हे मांस बाजारात रीतसर विकत मिळत नसे. ते मिळे ते राजाच्या वा उमरावाच्या मर्जीने, भेट म्हणून. पैसा असून भागत नसे, नाते लागे. म्हणून ताटात हरणाचे मांस दिसणे म्हणजे यजमानाचे वजन दिसणे.

१८/
आता तेच हरीण दुसऱ्या वाटेने. वनकायद्यात चार खुणा होत्या. त्यांपैकी एकही आढळली तर वनरक्षक माणसाला जागीच पकडू शके. धनुष्य ताणून दबा धरणे. जखमी हरणाच्या मागावर कुत्रा घेऊन जाणे. हात रक्ताने माखलेले असणे. आणि पाठीवर हरीण असणे. १५९८ मध्ये जॉन मॅनवुडच्या वनकायद्यावरील ग्रंथातही त्या नोंदल्या आहेत.

१९/
चारपैकी दोन खुणा मारण्यापूर्वीच्या वा मारतानाच्या आहेत आणि दोन मारल्यानंतरच्या. घोड्यावर, शिंगाच्या निनादात नेलेले हरीण धन्याचा मान वाढवी. तेच हरीण रात्री एखाद्याच्या पाठीवर असले की तो भार म्हणजेच पुरावा. रक्त दोघांच्याही हाताला लागे, पण एकाच्या हाताला ते कौशल्य ठरे. मात्र पकडले जाणारे सगळे भुकेले गावकरी नसत. वनन्यायालयांच्या नोंदींत सरदार आणि धर्मगुरूही सापडतात.

२०/
कोणी मारलेले नाही, पण मरून पडलेले हरीण सापडले तर? त्याचीही चौकशी होई. जवळच्या चार गावांची माणसे बोलावून जबाब घेत. अंगात बाण असेल तर तो वनाधिकाऱ्याकडे जमा होई. मांस जवळच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाला किंवा आजारी आणि गरिबांना देत. राजाचे अन्न समाजाच्या अगदी कडेला ठेवलेल्या माणसांपर्यंत पोचण्याची ही एकमेव रीतसर वाट. आणि तीही राजाला ते नको असेल तेव्हाच उघडे.

२१/
या पार्श्वभूमीवर रॉबिन हुडच्या जुन्या गाथेकडे पाहावे. तो रानात आलेल्या सरदाराला भाकर, मद्य आणि हरणाचे 'नंबल्स' वाढतो. पुढे वेष पालटून आलेल्या राजालाही तो राजाच्याच हरणाचे मांस खाऊ घालतो. श्रोत्यांना यातली मेख समजत होती : हरीण चोरण्याहून मोठा अपराध म्हणजे ते वाटण्याचा हक्क स्वतःकडे घेणे. वाटेल तो वाढतो, तोच धनी.

२२/
१२१७ चे वचन कायम टिकले नाही. १७२३ मध्ये ब्रिटिश संसदेने 'ब्लॅक अ‍ॅक्ट' केला. चेहऱ्याला काजळी फासून, शस्त्र घेऊन वनात वा उपवनात शिरणे आणि हरीण चोरणे यांवर फाशीची शिक्षा आली. तोवर चोरीचे मांस गाड्यांतून लंडनपर्यंत जाऊ लागले होते. जी वस्तू केवळ भेट म्हणून फिरत होती तिला चोरबाजारात भाव आला होता. या कायद्याचा बहुतांश भाग १८२३ मध्ये रद्द झाला.

२३/
ग्रंथांत लिहिलेले वाटे प्रत्यक्षात खरोखर पडत होते का? याचे उत्तर उकिरड्यांनी दिले. पुरातत्त्वज्ञांनी किल्ले आणि उमरावांचे वाडे यांतील मध्ययुगीन कचरा तपासला, तेव्हा हरणांच्या हाडांत मागच्या पायांची हाडे भरमसाट निघाली आणि पुढच्या पायांची कमी. कटीची हाडे तर क्वचितच. म्हणजे धड रानातच सोडवले जात होते आणि फरे वाटेत दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जात होते. सामान्य गावांच्या उकिरड्यांत हरणाचे हाड मुळातच विरळ.

२४/
सनदा राजांनी लिहवल्या, ग्रंथ उमरावांनी लिहिले, खटल्यांच्या नोंदी राजाच्या कारकुनांनी केल्या. ज्याच्या पाठीवर हरीण होते, त्याने काहीच लिहिले नाही. त्याच्या बाजूची साक्ष द्यायला राहिली ती फक्त हाडे आणि त्यांची अनुपस्थिती. म्हणून उत्खननाच्या अहवालात 'हरणाची हाडे सापडली' एवढ्यावर थांबू नये. मांडीचे की फऱ्याचे, वाड्यात की झोपडीपाशी, हे विचारावे. इतिहास पुष्कळदा त्या दोन प्रश्नांच्या उत्तरात असतो.