पाणी येईपर्यंत

यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. निवृत्तीनंतर फिरायचा विषय निघाला की हे एकच म्हणायचे, "मला एकदा कल्लणै बघायचंय." मला तिरुवैयारु बघायचं होतं, कर्नाटक संगीतातल्या संत त्यागराजांसाठी. दोन्ही ठिकाणं कावेरीवरच, एकमेकांपासून फार लांब नाहीत. मग असं ठरलं की ऐन उन्हाळा सरताना जायचं, मेट्टूर धरणाचं पाणी सुटतं तेव्हा, आणि नदीच्या कलाने खाली उतरायचं. गाडी ठरवायची नाही. गावची बस मिळेल ती, नाही मिळाली तर पायी.

मेट्टूर 1934 सालचं. जलाशयात साठा पुरेसा असला तर 12 जूनला दरवाजे उघडायचे, हा तिथला जुना रिवाज. त्या पाण्यावर तंजावर भागातलं कुरुवै भात होतं. साठा नसला तर तारीख हुकते आणि शेतकऱ्याचं एक पीकच जातं. आम्ही गेलो त्या वर्षी पाणी वेळेवर सुटलं होतं.

कल्लणै बघताना हे बराच वेळ काही बोललेच नाहीत. करिकाल चोळाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधला असं मानतात तो हा बंधारा. लांबी 329 मीटर. नदीच्या वाळूत मोठमोठे धोंडे रिचवत नेले आणि त्यावर बांध उभा केला. पुढे इंग्रज इंजिनिअरांनी त्यावर दरवाजे बसवले, पण मूळ काम तसंच ठेवलं. इथून पाणी चार वाटांनी जातं: कावेरी, वेण्णारु, पुदु आरु नावाचा मोठा कालवा आणि पुराचं पाणी वाहून नेणारी कोळ्ळिडम. "आपल्याकडे आवर्तन सुटलं की शेपटाला पाणी पोचेपर्यंत जीव टांगणीला असतो," हे म्हणाले, "इथे तर आख्खा जिल्हाच शेपूट आहे." पाणी सोडताना लोक त्यात फुलं आणि भाताचं बियाणं टाकतात. एका म्हातारीने माझ्याही ओंजळीत भात ओतलं. मी ते सोडलं तेव्हा हात थोडे थरथरले; एवढ्या लोकांचं वर्षभराचं अन्न त्या पाण्यावर होतं.

तिथून तिरुक्काट्टुपळ्ळिला बस बदलून आम्ही पाण्याच्या आधीच तिरुवैयारुला पोचलो. कोरड्या वाळूत पाणी हळूहळूच पुढे सरकतं. ते येईपर्यंत काही करायचं नव्हतं, आणि तेच आम्हाला हवं होतं.

उतरलो होतो ते एका तंजावरी मराठी आजींच्या घरी. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या काळात इकडे आलेले, म्हणजे साडेतीनशे वर्षं होत आली. लिहितात तमिळ, घरात बोलतात मराठी. दुपारी त्यांनी उडीद भाजून दळलेलं पीठ दह्यात कालवलं, मीठ घातलं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी ओतली. फोडणी चुर्र वाजली आणि मला माझ्या आजीचं डांगर आठवलं. या आजीही त्याला डांगरच म्हणतात. भाताबरोबर पोटभर जेवलो. मग पंख्याखाली फरशीवर आडवे झालो ते उन्हं उतरेपर्यंत.

संध्याकाळी देवळात गेलो. ऐयारप्पर म्हणजे पंचनदीश्वर. आवार एवढं मोठं की एका संध्याकाळी उरकत नाही, आणि उरकायचं होतंच कुणाला? आतलं उत्तरकैलास राजराज चोळाच्या राणीने, लोकमहादेवीने बांधलं. त्याच्या आवारात आजींनी अप्परांची कथा सांगितली. म्हातारपणी हे संत कैलासाला निघाले. चालून पाय गेले, मग सरपटत निघाले, पण हटेनात. शेवटी त्यांना एका तळ्यात बुडी मारायला सांगितलं. वर आले ते तिरुवैयारुच्या तळ्यातून. आणि समोर जे जे दिसलं, हत्ती-हत्तीण, कोंबडा-कोंबडी, सगळं जोडीने येताना दिसलं. त्या प्रत्येक जोडीत त्यांना शिव आणि शक्तीच दिसली. कथा संपल्यावर आजी आमच्याकडे बघून हसल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी लाजले.

नदीकाठी त्यागराजांची समाधी आहे. त्यांचं बालपण इथेच गेलं आणि 1847 च्या जानेवारीत देहही इथेच ठेवला. तंजावरच्या मराठा सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं तेव्हा ते गेले नाहीत असं सांगतात. आपल्याच राजाला आलेला तो नकार, पण ऐकताना मला अभिमानच वाटला. समाधीवर आज मंदिर आहे ते बंगळूरच्या नागरत्नम्मांमुळे. ही समाधी दुर्लक्षित पडलेली होती. नागरत्नम्मा देवदासी घराण्यातल्या. त्यांनी स्वतःची कमाई ओतून मंदिर उभं केलं. त्यागराजांच्या स्मरणार्थ होणाऱ्या आराधनेत बायकांना गाऊ देत नव्हते त्या काळात त्यांनी बायकांची आराधना सुरू केली. 1952 मध्ये त्या गेल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे. पुष्य महिन्यात इथे शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. मी नागरत्नम्मांच्या मूर्तीपुढे बसले आणि येत होतं तेवढं गायले. हे शेवटपर्यंत ऐकत बसले.

पाणी आलं ते सकाळी. पुष्यमंडपाच्या घाटावर, मराठ्यांच्या राजवटीतल्या त्या पायऱ्यांवर, आम्ही चहा पिऊन बसलो होतो. समोर रुंद वाळू, तिच्यात पोरांनी आखलेलं क्रिकेटचं मैदान. आधी बगळे दिसले, खाली उतरत, पुन्हा उडत पुढे येणारे. मग वाळूवरून तपकिरी रेघ सरकताना दिसली. तिच्या टोकाला फेस, बांबूची वाळकी पानं, काटक्या आणि त्यांवर चढून बसलेले मुंगळे. रेघ एखाद्या खळग्यापाशी थांबायची, वाळू पाणी पिऊन घ्यायची, बुडबुडे यायचे, खळगा भरला की रेघ पुढे. पोरांनी स्टंप उपटले आणि पाण्यापुढे उलटं चालत राहिली. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. बायका पायऱ्या उतरल्या, हळद-कुंकू वाहिलं, एकीने कापूर लावला. यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जाऊन त्या रेघेत उभे राहिले. आयुष्यभर पाण्याची मोजमापं केली, पण येणाऱ्या नदीत असं पाय देऊन उभं राहायला सवड कधी झाली नव्हती. मीही गेले. वरचं पाणी उन्हाने कोमट होतं, खालची वाळू गार.

दुपारी बसने तंजावरला जाऊन आलो ते निव्वळ पूल बघायला. जेमतेम 13 किलोमीटरच्या वाटेत वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टि आणि कावेरी अशा पाच नद्या लागतात. तिरुवैयारु, म्हणजे पाच नद्यांचं गाव, हे नाव त्यावरूनच पडलं. काहींना पाणी पोचलं होतं, काही अजून कोरड्या होत्या. एका फाट्यावर तिथला पाटकरी दरवाजाच्या चाकाला ग्रीस लावत होता. त्याला तमिळखेरीज काही येत नव्हतं, यांना तमिळ येत नव्हतं. तरी दोघं अर्धा तास बोलले. एकाने वाळूत रेघा ओढायच्या, दुसऱ्याने बोटाने पुसून दुरुस्त करायच्या. समुद्राकडच्या शेवटच्या गावांना पाणी पोचायला अजून बरेच दिवस जातील, एवढं त्यातून कळलं.

रात्री आजींनी अशोका हलवा केला. मुगाच्या डाळीचा, तुपाने निथळणारा, इथली खासियत. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी पुन्हा या म्हणाल्या. तेव्हा नदी भरलेली असते, नव्या सुना घाटावर येऊन मंगळसूत्राचा दोरा बदलतात, चित्रान्नाचे डबे घेऊन घरंच्या घरं काठावर जेवतात. आमचं परतीचं आरक्षण चार दिवसांवर होतं. यांनी तिकीट काढून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पूंपुहारला कावेरी समुद्राला मिळते," म्हणाले. "पाणी तिथे पोचेपर्यंत जाऊ या का सावकाश?" मी आजींना कुंभकोणची पहिली बस किती वाजता सुटते ते विचारलं.