मनाचं माप

मुलांनो, तुमच्या बाईसुद्धा परीक्षा देतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मी तळवड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. करून नोकरीला लागले, मग बी.ए. झाले आणि पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. पुस्तकांचा गठ्ठा सोडून बघते तो काय, त्यात संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती! म्हणजे गणित आलंच की पाठोपाठ.

मनाचा आणि आकड्यांचा संबंध काय? सांगते.

वर्गातल्या पाच मुलांना मी विचारलं, शाळेत यायला किती मिनिटं लागतात? उत्तरं आली 5, 6, 8, 11 आणि 70. सरासरी काढा बरं. वीस! पण वीस मिनिटं लागणारं मूल यात एक तरी आहे का? सत्तर मिनिटांवाल्याचे वडील बांधकामावर आहेत. साईट बदलून चाकणच्या पुढे गेली, तरी पोराने शाळा सोडली नाही. त्याच्या एकट्यामुळे सरासरी वर गेली. अशा वेळी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतात, त्याला मध्यक म्हणतात. इथे तो 8. पण नुसता मध्यक पाहिला, तर हा रोज पायपीट करणारा मुलगा दिसतच नाही! म्हणून आकडे किती पसरलेत, तेही मोजावं लागतं.

आता दुसरी गोष्ट, नमुन्याची. ही मला पुस्तकापेक्षा एका आईने चांगली समजावली. त्या जवळच्याच वर्कशॉपमध्ये नग तपासतात. म्हणाल्या, "बाई, सगळे नग कुठे तपासत बसणार? पेटीतले थोडे काढायचे नि गेज लावायचा. पण वरचेवरचे नाही घ्यायचे. खालचे, मधले, सगळीकडचे घ्यायचे." झालं, यालाच प्रातिनिधिक नमुना म्हणतात. थोड्या नमुन्यावरून कितपत खात्री धरावी, याचं गणितही एका कारखान्यातच जन्मलं, बरं का! डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचे गृहस्थ होते. त्यांनी 1908 साली ते गणित छापलं, तेही 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने. मानसशास्त्राची मुलं आजही ती 'टी' चाचणी शिकतात.

नग नापास झाला तर तो बाजूला टाकतात. मुलाचं काय?

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली बुद्धी मोजायची चाचणी तयार केली. कोणत्या मुलांना शिकताना जास्त मदत लागेल, हे त्यांना शोधायचं होतं. पुढे 1908 साली त्यांनी तिच्यात भर घातली, तेव्हा नाणी ओळखण्याचाही एक प्रश्न होता. आता फ्रेंच नाणं आपल्याकडच्या मुलासमोर धरलं आणि त्याला ओळखता आलं नाही, तर तो काय मंद ठरला? व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. नुसतं भाषांतर करून भागत नाही. वेगवेगळ्या वयांच्या इथल्याच मुलांना प्रश्न विचारायचे, कोणत्या वयाला काय जमतं ते पाहायचं, मग माप ठरवायचं. याला प्रमाणीकरण म्हणतात. त्यांचं पुस्तक 1940 साली निघालं. मला तर हे काम फार मोठं वाटतं.

कारण मागच्या वर्षी दुसरीत बिहारहून एक मुलगी आली. मराठीत विचारलं की गप्प. कुणीतरी लगेच म्हणालं, "मंद दिसते." मी हिंदीत वजाबाकी घातली, तर तिने बोटंसुद्धा न मोजता उत्तर दिलं!

सध्या माझा प्रकल्प चालू आहे. मुलांना आठवणीत किती शब्द राहतात, ते बघायचंय. तीस मुलं हवीत. हुशार म्हणून पुढच्या बाकावरची घ्यायची नाहीत, म्हणून सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि एकेक काढली. तीसपैकी सात मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. आता शब्दांची यादी हिंदीतही करतेय. मराठीत 'पाटी' सोपा शब्द, पण हिंदीत घेऊ 'स्लेट' की 'पट्टी'? दोन्ही याद्या सारख्याच सोप्या हव्यात ना! ते काही मी एकटी ठरवणार नाही. यादी आधी पाच-सहा मुलांना वाचून दाखवणार आहे. ती सांगतील तो शब्द घेईन.