टिपणांची राखण

संदर्भटिपणांचीं खोकीं जाऊन आमच्या घरीं झोटेरो आला, तेव्हां आतां टिपण हरवावयाचें नाहीं, असें आम्हीं सुखानें मानिलें. २००६ सालीं निघालेली ही संगणक-प्रणाली ग्रंथकर्ता, साल, प्रकाशक नीट मांडून ठेवते व लेखाखालीं संदर्भसूचीही रचून देते. डोंबिवलीस घरीं नोंदलेलें ‘सिंक’मुळें ठाण्याच्या कॉलेजांत उमटतें, मग वेगळी प्रत कशास हवी?

एका रात्रीं निरुपयोगी समजून आम्हीं कांहीं नोंदी पुसल्या, कचरापेटीही रिकामी केली. सकाळीं ठाण्यास पाहतों तों तेथूनही त्या नाहींशा! सिंक हा आरसा आहे. आपण हटलों कीं प्रतिबिंबही हटतें.

१८९३ सालापासून ठाण्यांत असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत बसून आम्हीं बरेच संदर्भ पुन्हां उतरविले. नोंदींखालीं लिहिलेले आमचे स्वतःचे विचार मात्र परतले नाहींत. त्यांची प्रत कोणत्याच कपाटांत नव्हती.

आतां दर रविवारीं झोटेरो बंद करून त्याचें सबंध दप्तर, नोंदी व जोडलेल्या फायलींसुद्धां, दोन डिस्कांवर उतरवितों. एक घरीं, दुसरी ठाण्यास. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्यांस, दोन्ही प्रती एका छपराखालीं कां ठेवूं नयेत, हें सांगावयास नको.