शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला

आमच्या नारायणगडाच्या परिसरातून समुद्र फार लांब. इकडे पाणी म्हणजे विहीर, हापसा, नाहीतर टँकर. त्यात कितीतरी घरे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. पावसाळ्यात कोकणातल्या होड्या बंद. म्हणजे सहलीला उरतात ते एप्रिल आणि मे. समुद्र ही पैसेवाल्यांची चैन, असे आपल्याकडे धरून चालतात. आम्ही आठ घरांनी मिळून ते करून पाहिले, त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवतो.

पहिल्याच बैठकीत ठरले, की मुकादमाच्या उचलीतून सहल करायची नाही. घरटी दरमहा तीनशे रुपयांची भिशी धरली. तोडीवर गेलेल्यांनी परत आल्यावर भरणा केला. दहा महिन्यांत चोवीस हजार जमले. हिशेबाची वही सर्वांना उघडी. लहानथोर तेवीस जण मिनीबसने बीड, अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव असे करत मुरूडजवळच्या राजपुरीला पोहोचलो.

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या लाकडी होड्या जातात. आम्ही अख्खी होडीच ठरवली. बाया भाव पाडू लागल्या, तेव्हा आमच्यातल्या एका आत्याबाईंनी त्यांना थांबवले. "आपल्या टनाचा भाव कुणी पाडला तर आपल्याला कसं वाटतं?" मग कुणी बोलले नाही.

तांडेल म्हणाले, "आजी, मधोमध बसा. लेकरांना आधी जाकीट घाला. मी सांगितल्याशिवाय कुणी उठू नका." डोलकाठीला तिरकी लांब काठी, तिला तिकोनी शीड. शीड फुगले आणि होडी आवाज न करता निघाली. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारी समुद्राकडून खारे वारे. मुलांनी भूगोलात पाठ केलेले ते अंगाला लागले. वारा बाजूचा असला तरी शीड तिरके करून, सुकाणू दाबून होडी पुढे काढता येते. ही विद्या तांडेलांना कुठल्या शाळेने दिलेली नाही.

जंजिरा म्हणजे बेट. शब्द मूळचा अरबी. बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, असे सांगतात. पुढे सिद्द्यांनी दगडी किल्ला उभारला. एकोणीस बुरूज, आणि दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही. १९४८ साली हे संस्थान भारतात विलीन झाले. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले लोक. त्यांच्यापैकीच मलिक अंबर. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० साली वसवलेली खडकी म्हणजे आपले औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. हे ऐकून आमची पोरे गप्प झाली. चहूकडे खारे पाणी आणि किल्ल्यात गोड्या पाण्याचे मोठे तळे! दुष्काळी माणसांचे पाय तिथून हलेनात.

ग्रीस देशातही अशा लाकडी नौका आठवडाभर भाड्याने घेऊन लोक बेटे फिरतात. पण तिथे मासेमारी कमी करण्यासाठी युरोपीय संघाच्या पैशातून हजारो जुन्या लाकडी नौका मोडल्या गेल्या. नौका गेल्या, तसे त्या बांधणारे सुतारही कमी झाले. आपल्याकडेही फायबरच्या होड्या वाढत आहेत. शिडाच्या होडीला दिलेले भाडे लाकूड घडवणाऱ्या आणि वारा ओळखणाऱ्या हातांना जाते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी भिशी आत्ताच सुरू करावी. मेचा शेवटचा आठवडा टाळावा, समुद्र तेव्हा खवळू लागतो. एका होडीत किती माणसे बसवतात ते आधी विचारावे, आणि त्यावर एकही माणूस चढवू नये. मग ते आपले सख्खे पाहुणे का असेनात.