सुवाच्य अक्षर

मेहकरच्या एका दवाखान्यातून हिची बीपीची चिठ्ठी संगणकावर छापून आली. काय ते अक्षर! जन्मभर मुलांना ‘सुवाच्य लिहा’ म्हणत आलेला मी, खूशच झालो. औषधाचं मूळ नाव स्पष्ट अक्षरांत लिहा, हा नियमही 2016 चा. चिठ्ठीवर होतं ॲम्लोडिपिन. अकोल्याहून आणलेल्या जुन्या पाकिटावर मात्र कंपनीचं नाव ठळक, हे बारीक. आठ दिवस ही दोन्ही गोळ्या घेत होती. नवव्या दिवशी ओट्यापाशी मटकन खाली बसली.

संगणक दोन्हीकडे, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. हिचा 14 अंकी आभा क्रमांक आहे, तो विचारला कोणी? आणि मी तरी चष्मा लावून पाकीट कुठे वाचलं होतं! असो.

आशाताईंनी डॉक्टरांना फोन लावला, जुनी पाकिटं बाजूला काढली आणि त्या देखण्या चिठ्ठीवर पेनाने सूर्य काढला. सकाळी एक.