बिन आणि कोम

माझ्याकडे येणारी माणसं बहुधा पिशवी घेऊनच येतात. पिशवीत सातबारा, दोन-चार फेरफार, कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले, घडीवर फाटलेले मोडी कागद. मी मोडी वाचते आणि गावाकडच्या घराण्यांचा मागोवा घेते. तीस वर्षं हेच काम करते आहे. पिशवी उघडताना आजही हात जपून चालतात, कारण त्या फडक्यात एखाद्या घराची दोनअडीचशे वर्षं असू शकतात.

चार वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातले तिघे चुलतभाऊ आले. विट्याच्या आसपासचा हा भाग पावसाला पारखा. तिथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली, जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम करत देशभर पांगली. या तिघांतला एक कोइमतूरला, एक बिहारात, तिसरा गावी द्राक्षबाग सांभाळतो. खरसुंडीचा सिद्धनाथ त्यांचं कुलदैवत. भावकीनं वर्गणी काढून गावात सभामंडप बांधला होता आणि त्याच्या भिंतीवर घराण्याची वंशावळ संगमरवरात कोरायची होती. त्यांनी चौदा पिढ्यांची यादी आणली होती. "ताई, एवढी तपासून द्या," थोरला म्हणाला.

यादी हेळव्याची होती. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात वाढलेल्याला हेळवी सांगायला नको. सुगीनंतर बैल घेऊन दारात येतो, घराण्याचा मूळ पुरुष कोण, कुठून आला, त्याला मुलगे किती, ते कुठे कुठे गेले, हे खड्या आवाजात म्हणून दाखवतो. या वर्षी घरात जन्मलेल्याचं नाव वहीत घालतो आणि पायली-दोन पायली धान्य घेऊन पुढच्या दारी जातो. बोली कानडी वळणाची, पण मराठी घरांच्या पिढ्या त्याला तोंडपाठ. मी या माणसांना फार मानते. गाव सोडून गेलेल्या शाखा हेळव्याच्या वहीत सापडतात, त्या सरकारी दप्तरात सापडत नाहीत. मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या वह्यांत लेकी नाहीत. मुलग्याचं नाव चढतं, मुलीच्या जन्मानं वही उघडत नाही.

यादी कागदांवर ताडून पाहायची तर आधी कागद गाठायला हवेत. सांगली जिल्ह्याचं घराणं असलं तरी जुना शोध साताऱ्याकडे वळतो. खानापूर हा तेव्हा साताऱ्याचा तालुका होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तहसिलातल्या अभिलेख कक्षापासून पुण्याच्या पुरालेखागारापर्यंत मग खेपा सुरू होतात.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तारखांचं तर वेगळंच गणित. 'इहिदे सबैन मया व अलफ' असं अरबी आकड्यांत लिहिलेलं असतं. एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन 1171. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1770-71. हे साल मृगाला सुरू होतं, पेरणीबरोबर. शेतकऱ्याच्या कागदाला शोभावं असंच आहे ते.

माणसाची ओळख 'बिन' या एका शब्दावर उभी असते. राणोजी बिन तुकोजी म्हणजे तुकोजीचा मुलगा राणोजी. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यानं राणोजी बिन तुकोजी, मग तुकोजी बिन राणोजी, पुन्हा राणोजी बिन तुकोजी, अशी साखळी चालते. दोन राणोजींना एक धरलं की दोन पिढ्या गळतात. हेळव्याच्या चौदांपैकी नऊ पिढ्या मला कागदांत मिळाल्या. एका ठिकाणी त्याच्या यादीत अशाच दोन पिढ्या गळल्या होत्या.

या नऊ पिढ्या मिळाल्या कशामुळे? भांडणामुळे. हे घराणं गावच्या पाटीलकीवरून भांडलं. थोरली पाती म्हणे मान आमचा, धाकटी म्हणे तक्षीम, म्हणजे वाटा, आमचाही. वाद गोतसभेपुढे गेला. अशा वेळी दोन्ही पक्षांना आपापला करीना लिहून द्यावा लागे. आमचा मूळ पुरुष अमका, त्यानं गावात पहिला नांगर धरला, त्याला तिघे लेक, धाकल्याचा वंश दुष्काळात परागंदा झाला, अशी हकिकत. मग साक्षी, तकरिरी म्हणजे जबान्या आणि शेवटी महजर, म्हणजे सभेचा निवाडा. त्याखाली अक्षर न येणाऱ्यांच्या निशाण्या: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या किती तरी घराण्यांचा लिहिलेला जुना इतिहास तो हा, करीन्यांचा. गुण्यागोविंदानं नांदलेल्या घरांना कुणी 'तुमचा आजा कोण' असं विचारलंच नाही.

इंग्रजांनी तेच आणखी पद्धतशीर विचारलं. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं आणि इनामं, वतनं खरी की खोटी याची चौकशी झाली. ज्याला हक्क राखायचा त्यानं वंशावळ दाखवावी. 1874 चा वतन कायदा आला, त्यातही वतनदार कोण हे ठरवायला पिढ्या लावाव्या लागल्या. इंदापुरात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी हाती घेतलेली जमीनमोजणी मुंबई इलाख्यात पसरत गेली, तसे शेतांना नंबर पडले आणि नंबरासमोर खातेदार आला. महसुली पाटीलकी 1 जानेवारी 1963 ला कायद्यानं संपली. ज्या हक्कासाठी या घराण्यानं नऊ पिढ्या सांभाळल्या, तो त्या दिवशी गेला. कागद मात्र फडक्यात राहिले.

त्यामुळे आपण जिला वंशावळ म्हणतो ती मुळात जमिनीची आणि मानाची वाटणी आहे. ज्याला वाटा मागता येत होता तो तीत आला. लेकीला वाटा नव्हता, म्हणून लेक नाही. सुनेला स्वतःचा हक्क नव्हता, म्हणून सून नाही. या कामाचा मला सर्वांत खुपणारा भाग हाच. साडेतीनशे नावांचा तक्ता समोर पसरलेला असतो आणि त्यात एकाही माणसाला आई नसते.

मी त्या तिघांना तसं सांगितलं. द्राक्षबागवाला म्हणाला, "पण बायकांचं कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं असतं. वेगळ्या दारानं शिरावं लागतं. पहिलं दार तीर्थोपाध्यायांचं. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या यजमानांच्या नोंदी आहेत, यजमानांनी स्वतः सांगितलेल्या. श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी यांनाही पिंड असतात. नाव घेतल्याशिवाय पिंड देता येत नाही. म्हणजे गावच्या दप्तरानं न विचारलेला प्रश्न गोदेच्या काठी विचारला गेला. दुसरं दार महसुली कागदांतलंच, 'कोम' या शब्दाचं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. नवरा गेला, मूल लहान, तेव्हा सारा भरणारी म्हणून विधवेचं नाव लागलं, की तिथे कोम येतं. तिसरं दार अलीकडचं आणि मला दुखवणारं. 1956 च्या वारसा कायद्यानं लेकीला बापाच्या मिळकतीत हक्क दिला, तेव्हापासून वारस नोंदीच्या फेरफारांत बहिणींची नावं दिसू लागली. बऱ्याचदा लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड. साडी-चोळीवर हक्क सोडलेल्या किती बहिणी मी वाचल्या असतील! पण नाव तर लागलं. सासरच्या गावासकट लागलं.

या घराण्याच्या यादीत सहाव्या पिढीतल्या मधल्या भावापुढे 'निपुत्रिक' एवढंच होतं आणि तिथे रेघ संपत होती. जमिनीच्या जुन्या कागदात त्याच शेतासमोर नऊ वर्षं एका बाईचं नाव सापडलं, पुढे कोम आणि त्या मधल्या भावाचं नाव. तिनं ते शेत नऊ वर्षं कसलं होतं, सारा भरला होता. नंतर शेत थोरल्या पातीकडे गेलेलं दिसतं. उपाध्यायांच्या वहीत तीच बाई पुन्हा भेटली. थोरल्या पातीचा पुतण्या चुलतीच्या अस्थी घेऊन नाशिकला आला होता. खाली एक वाक्य: सोबत तिची लेक व जावई. लेकीचं नाव नाही, जावयाचं गाव आहे. मूलबाळ नसलेला म्हणून दीडशे वर्षं मिटवलेल्या त्या माणसाला लेक होती.

मी गावी गेले ते हे सांगायला. सभामंडपात भावकी जमली होती, गलाईवाले रजा काढून आले होते. कोपऱ्यात त्यांच्या सगळ्यांत थोरल्या आत्या बसल्या होत्या, वय नव्वदीच्या आसपास. जावयाच्या गावाचं नाव मी घेतलं, तशा त्या म्हणाल्या, "आमच्यात त्या गावच्या लोकांना लग्नाचं पहिलं बोलावणं जातंय. का जातंय, ते आम्हाला कुणी सांगितलं न्हाई."

तरुण मंडळी त्या गावाला फोन लावू लागली. मी आत्यांजवळ बसून घरातल्या बायकांची नावं लिहून घेऊ लागले. त्यांना सासू-सुना, नणंदा-जावा धरून पाच पिढ्यांतल्या बाया पाठ होत्या, कोण कुठल्या गावची, कुणाच्या घरची, हे सगळं. हेळव्यासारख्याच एका लयीत त्या सांगत होत्या. मध्ये थांबून त्यांनी विचारलं, "लग्नात नाव बदलत्यात. तुम्ही म्हायेरचं लिवताय का सासरचं?"

दोन्ही, मी म्हटलं. कागदावर आणखी एक रकाना आखला आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.